इफ्तारच्या खजुराला पाणी कुठले?

रमजानचा चाँद दिसायला महिना-दीड महिना अवकाश असतो, तेव्हाच मशीद बंदरच्या आणि वाशीच्या घाऊक बाजारात खजुराच्या पेट्यांचे ढीग लागू लागतात. इराकचा झाहिदी, इराणचा मजाफती, सौदीचे अजवा, सफावी आणि सुक्करी, ट्युनिशिया-अल्जीरियाचा देग्लेत नूर, जॉर्डन खोऱ्यातला जाडजूड मेजूल. वॉशिंग्टनचे सफरचंद आणि न्यूझीलंडची किवी ही आपल्या फळवाल्याच्या गाडीवरची अलीकडची पाहुणी. खजूर मात्र आपल्या पणजीच्या काळातही बसरा आणि मस्कतहून गलबतांनी मुंबईला उतरत होता. आज तर जगात सर्वांत जास्त खजूर आयात करणारा देश भारतच आहे. दरवर्षी काही लाख टन खजूर आपल्या बंदरांत येतो.

एवढा खजूर बाहेरून का आणावा लागतो, असा प्रश्न बरेच वाचक विचारतात. कच्छमध्ये खजुराच्या मोठ्या बागा आहेत, मराठवाड्यातही काही शेतकऱ्यांनी बरही जातीची झाडे लावली आहेत. अडचण पावसाची आहे. खजूर झाडावर पूर्ण पिकायला उन्हाळ्याचा कोरडा शेवट लागतो आणि आपल्याकडे नेमका तेव्हाच पावसाळा सुरू होतो. म्हणून कच्छचे फळ पिवळे-लाल, कडक असतानाच उतरवून ताजे विकतात. मऊ, तपकिरी, महिनोन्‌महिने टिकणारा खजूर हवा तर तो वाळवंटातूनच आणावा लागतो.

आता वाळवंट म्हटले की पाण्याचा विषय आलाच. अरब शेतकरी म्हणतात की खजुराचे पाय पाण्यात आणि डोके आगीत हवे. हे झाड उन्हाला दाद देत नाही, खारे पाणीही इतर फळझाडांपेक्षा जास्त सोसते. यावरून त्याला पाणी कमी लागते असा समज झाला आहे, तो चुकीचा आहे. खजूर पाण्यावाचून तग धरतो हे खरे, पण फळ धरायचे तर ऐन उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी द्यावे लागते.

नेदरलँड्समधील संशोधक मेकोनेन आणि हूकस्ट्रा यांनी पिकांच्या पाण्याचा जो जागतिक हिशेब मांडला, त्यात एक किलो खजुरामागे सरासरी २,२०० ते २,३०० लिटर पाणी येते. द्राक्षाला याच हिशेबात सुमारे ६०० लिटर, केळ्याला आणि सफरचंदाला ८०० च्या आसपास. शिवाय खजुराच्या आकड्यातले निम्म्याहून जास्त पाणी पावसाचे नाही, नदीतून, झऱ्यातून किंवा विहिरीतून उचललेले आहे. मध्यम आकाराचा एक खजूर नऊ ग्रॅमचा धरला तर त्यामागे वीसेक लिटर, म्हणजे एक बादली पाणी. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाने इफ्तारला तीन खजूर घेतले, तर महिन्याला चार किलो खजूर आणि नऊ हजार लिटरच्या वर पाणी. आपल्या गावात उन्हाळ्यात येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा, जवळजवळ तेवढे.

पण हा आकडा सांगून आम्हाला कुणाच्या घासाला कडवटपणा आणायचा नाही. खरे सांगायचे तर लिटरचा आकडा एकटा फारसा उपयोगी नाही. तो जगाची सरासरी आहे. भरल्या नदीतून घेतलेले हजार लिटर आणि हजारो वर्षांपूर्वी साठलेल्या, पुन्हा न भरणाऱ्या भूजलातून उपसलेले हजार लिटर कागदावर सारखेच दिसतात. खजूर किती पाणी प्याला यापेक्षा तो कुणाचे पाणी प्याला, हे विचारणे आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. याचे उत्तर प्रत्येक पेटीचे निराळे आहे.

बसऱ्याची भरती-ओहोटी

तैग्रिस आणि युफ्रेटिस या दोन नद्या कुर्ना गावाजवळ मिळतात आणि तिथून शत्त-अल-अरब या नावाने सुमारे दोनशे किलोमीटर वाहत समुद्राला जातात. या पट्ट्यात, बसरा शहराच्या खाली-वर, एके काळी जगातले सर्वांत दाट खजूरबन होते. तिथले सिंचन पाहण्यासारखे होते. मोट नाही, पंप नाही, रहाट नाही. समुद्राला भरती आली की ती नदीचे गोडे पाणी मागे रेटायची, नदीची पातळी चढायची आणि ते पाणी काठावरच्या शेकडो खाड्या-चाऱ्यांतून आपोआप बागांत शिरायचे. ओहोटी लागली की जास्तीचे पाणी मातीतला क्षार घेऊन परत नदीत उतरायचे. दिवसातून दोनदा, फुकट. शेतकऱ्याचे काम चारीतला गाळ काढण्याचे.

कोकणातल्या आमच्या वाचकांना भरतीचे पाणी शेतात शिरणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. खाडीकाठच्या खारजमिनीत ते शिरले की भातपीक गेले. बसऱ्याला तेच वरदान होते, कारण आत येणारे पाणी समुद्राचे नसून समुद्राने मागे ढकललेले नदीचे होते. सगळी व्यवस्था एकाच गोष्टीवर उभी होती: वरून नदीला इतका जोर हवा की समुद्र तिला ढकलू शकेल, पण तिच्यात मिसळू शकणार नाही.

तो जोर गेला. तुर्कस्तानने युफ्रेटिसवर अतातुर्क धरण बांधले आणि १९९० मध्ये ते भरायला घेतले. सीरियाचे तबका धरण त्याआधीचे. तैग्रिसवरचे इलिसू धरण २०१९ पासून भरू लागले. इराणने कारून नदीचे पाणी वरच्या वर अडवले आणि वळवले. ही कारून खुर्रमशहरजवळ शत्त-अल-अरबला मिळणारी, बसऱ्याच्या खालच्या अंगाचा मोठा आधार. खुद्द इराकमध्येही वरच्या भागात शेताला पाणी सोडण्याची पद्धत उधळीचीच राहिली. त्याआधी १९८० ते १९८८ या आठ वर्षांच्या इराण-इराक युद्धात आघाडी याच नदीकाठाने गेली होती आणि बनेच्या बने जळून, चिरडून सपाट झाली होती. इराकमध्ये एके काळी तीन कोटींच्या घरात खजुराची झाडे होती. युद्धे आणि निर्बंध संपेपर्यंत ती निम्म्यावर आली.

२०१८ चा उन्हाळा बसऱ्याचे लोक विसरणार नाहीत. समुद्राचे खारे पाणी शहराच्याही वर चढले. त्यात सांडपाणी आणि कारखान्यांची घाण. नळाला तेच पाणी आले. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या पावसाळी महिन्यांपर्यंत एक लाखाहून जास्त माणसे पोटाच्या आणि त्वचेच्या विकारांनी दवाखान्यांत गेली. लोक रस्त्यावर उतरले, सरकारी कचेऱ्या जळाल्या. जी झाडे पिढ्यान्‌पिढ्या भरतीवर वाढली होती, त्यांच्या मुळांशी आता प्रत्येक भरतीला मीठ येत होते. बागा सुकल्या, मालकांनी त्या घरांच्या प्लॉटसाठी विकल्या.

आज आपल्या बाजारात इराकचा म्हणून जो स्वस्त, सोनेरी-तपकिरी झाहिदी मिळतो तो मुख्यतः बगदाद, करबला, दियाला अशा मध्य इराकमधल्या भागांचा. बसऱ्याचे हल्लावी आणि सायेर हे जुने निर्यातीचे वाण होते, ते आता आपल्याकडे क्वचितच ऐकू येतात. आम्ही मशीद बंदरच्या एका वयस्क व्यापाऱ्यांना विचारले, "चाचा, हा झाहिदी इराकमध्ये कुठला?" ते हसले. "इराकचा म्हणजे इराकचा. बगदादचा की बसऱ्याचा, हे कंटेनरवर लिहून येत नाही, बेटा. भाव लिहून येतो."

बसऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. तिथल्या पाण्याचा नाश खजुराच्या निर्यातीने झालेला नाही. खजूरच त्या नाशाचा बळी आहे. म्हणून "पाणी वाचवायचे तर खजूर खाणे सोडा" असे सरसकट सांगणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. इराकी माल उचलणे बंद केले तर तिथल्या उरल्यासुरल्या बागायतदाराला झाड तोडून प्लॉट पाडण्याचे आणखी एक कारण मिळेल, एवढेच.

जे पाणी परत भरत नाही

ट्युनिशियाच्या दक्षिणेला तोझूर आणि केबिली या भागांतली गोष्ट मात्र उलटी आहे. देग्लेत नूर हा पारदर्शक, मधासारखा खजूर युरोपात फार खपतो आणि आता आपल्या मॉलमध्येही फांदीसकट डब्यात मिळतो. फांदीला लटकलेले दाणे दिसायला छानच दिसतात. त्याला लागणारे पाणी सहाराच्या पोटातून येते. अल्जीरिया, ट्युनिशिया आणि लिबिया या तीन देशांच्या खाली दहा लाख चौरस किलोमीटरहून मोठा भूजलसाठा पसरलेला आहे. सहारा हिरवा होता त्या काळात, हजारो वर्षांपूर्वी, हे पाणी जमिनीत मुरले. आता त्यात वर्षाला जेवढी भर पडते त्याच्या दुपटीहून जास्त उपसा होतो. केबिलीत काही विहिरी इतक्या खोल आहेत की पाणी साठ-सत्तर अंश तापमानाचे, वाफाळते निघते. ते आधी मनोऱ्यावर चढवून थंड करावे लागते, मग बागेला सोडतात.

तिथल्या जुन्या ओअॅसिसची रीत वेगळी होती. वर खजुराची छत्री, तिच्या सावलीत डाळिंब, अंजीर, जर्दाळू आणि त्यांच्याही खाली भाजीपाला व चारा. एकच पाणी तीन मजल्यांना पुरायचे आणि सावलीमुळे जमीन ओली राहायची. झऱ्याचे पाणी कुणाला किती वेळ, याची वाटणी तोझूरमध्ये तेराव्या शतकातल्या इब्न शब्बात या विद्वानाने बारकाईने बांधून दिली होती. तिथे वेळ मोजायला तळाला भोक पाडलेले पाण्याचे भांडे वापरत, म्हणजे आपल्याकडच्या घटिकापात्राची चुलत बहीणच.

नवीन लागवडी ओअॅसिसच्या बाहेर, मोकळ्या वाळूत आहेत. एकच जात, देग्लेत नूर, रांगेने. खाली काही नाही. परवानगी नसलेल्या बोअर पुष्कळ. याला निर्यातीचा भाव थेट कारणीभूत आहे, कारण खरेदीदाराला एकसारखा, एका जातीचा, एका आकाराचा माल हवा असतो. जुन्या बागेतला मिश्र खजूर त्याला नको. जुन्या झऱ्यांनी तोंड मिटले आणि ज्यांच्याकडे खोल बोअर मारायला पैसा नाही, ते छोटे बागायतदार आपल्याच ओअॅसिसमध्ये पाण्याला महाग झाले. मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरकडे राहणाऱ्यांना हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. शेजाऱ्याने सहाशे फूट बोअर मारली की आपली दोनशे फुटांची कोरडी पडते, हे आपण पाहिले आहे.

फिकहच्या ग्रंथांत यासाठी फार जुना विचार आहे. विहिरीभोवतीची ठरावीक जागा तिचे "हरीम" मानली जाते. त्या हद्दीत दुसऱ्या कुणी विहीर खणू नये, कारण पहिलीचे पाणी तुटते. चाळीस हातांचे माप त्यासाठी सांगितले जाते. हाताने खणलेल्या विहिरींच्या काळात ते पुरेसे होते. आजचा पंप कित्येक किलोमीटरवरचे पाणी ओढतो, तेव्हा हरीम किती धरायचा हा प्रश्न आजच्या अभ्यासकांनी जरूर हाती घ्यावा असा आहे. मदिनेतल्या रूमा विहिरीची हकिकत तर घरोघरी माहीत आहे. मालक पाणी विकत होता, लोकांना परवडत नव्हते. हजरत उस्मान (रजि.) यांनी ती विहीर विकत घेऊन सर्वांसाठी वक्फ केली. त्या विहिरीच्या परिसरात आजही खजुराची बाग आहे.

अल-अहसाचे वापरलेले पाणी

सौदी अरबच्या पूर्वेकडचे अल-अहसा हे जगातले सर्वांत मोठे ओअॅसिस, पंचवीस लाख खजुरांचे. २०१८ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तिथे झरे स्वतःच्या दाबाने जमिनीवर उसळत. शेतीला भूजल भराभर उपसले जाऊ लागले तसे ते एकेक करून थांबले आणि पाणी पंपाने काढावे लागू लागले. त्याच काळात सौदीने वाळवंटातल्या भूजलावर गहू पिकवून स्वयंपूर्ण होण्याचा, एवढेच नव्हे तर निर्यात करण्याचा प्रयोग केला होता. २००८ मध्ये तो हळूहळू बंद करण्याचा निर्णय झाला, पण गेलेले पाणी गेलेच.

अल-अहसात पुढे जे केले गेले ते मात्र शिकण्यासारखे आहे. शहरांचे सांडपाणी शुद्ध करून ते बागांना देण्यात येऊ लागले. आता या सिंचनात शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा मोठा वाटा आहे. हे ऐकून आमच्याकडे एका भगिनीने लगेच विचारले, "मग तो खजूर पाक कसा?" शंका रास्त आहे, आणि नवीही नाही. सौदीच्या वरिष्ठ उलेमांच्या मंडळाने १९७८ मध्येच यावर विचार करून निर्णय दिला होता: सांडपाणी इतके शुद्ध झाले की त्याचा रंग, वास आणि चव यांत नजासतीचा लवलेश राहिला नाही, तर ते पाक मानावे, आरोग्याला धोका नसल्याची खात्री मात्र हवी. सोन्याच्या भावाने समुद्राचे पाणी गोडे करायचे, एकदा वापरायचे आणि गटारात सोडायचे, यापेक्षा ते दुसऱ्यांदा झाडाला देणे शहाणपणाचे, असे आम्हालाही वाटते. आपल्या किती नगरपालिका आपल्या सांडपाण्याचा असा विचार करतात?

मेजूल आणि जॉर्डनचे खोरे

मेजूल हा मूळचा मोरोक्कोचा. तिथे झाडांवर रोग पसरला तेव्हा १९२७ मध्ये त्याची अकरा रोपे अमेरिकेत नेली गेली आणि त्यातून जगलेल्या नऊ रोपांपासून तिथल्या बागा उभ्या राहिल्या. आज तो जॉर्डन नदीच्या दोन्ही काठांवर मोठ्या प्रमाणात होतो. ही नदी आता नावाचीच उरली आहे. वरचे पाणी चहूकडून काढून घेतल्याने ती मृत समुद्रापर्यंत जेमतेम पोचते आणि तो समुद्र वर्षाला सुमारे एक मीटरने खाली जातो आहे.

पश्चिम काठावर जेरिकोच्या आसपास पॅलेस्टिनी शेतकऱ्यांच्या बागा आहेत आणि इस्रायली वसाहतींच्याही. झाड एकच, माती एकच, पाणी मात्र एक नाही. १९६७ च्या ताब्यानंतर निघालेल्या लष्करी आदेश क्रमांक १५८ नुसार पॅलेस्टिनींना परवान्याशिवाय नवी विहीर खणता येत नाही, आणि असे परवाने फार क्वचित मिळाले. वसाहतींच्या बागांना खोल बोअरचे आणि शुद्ध केलेल्या सांडपाण्याचे पाणी आहे. शेजारच्या गावांत जुन्या, खारवलेल्या उथळ विहिरी. खजूर खारे पाणी सोसतो म्हणूनच तिथल्या पॅलेस्टिनी शेतकऱ्यांनी भाजीपाला आणि केळी सोडून मेजूल धरला, हीही यातली एक बाजू. युरोपीय संघाने २०१५ मध्ये वसाहतींच्या मालावर तसे स्पष्ट लिहिण्याचे मार्गदर्शन काढले आणि २०१९ मध्ये त्यांच्या न्यायालयाने ते बंधनकारक ठरवले. आपल्याकडे डब्यावर देशाचे नाव असले तरी मोठी गोष्ट. त्या नावावरूनही बाग कुठल्या काठावरची हे कळेलच असे नाही.

मस्कतची खारीक

आता थोडे बरे काही. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात पडते ती खारीक ओमानमधून पूर्वापार आपल्याकडे येत आली. तिथे मब्सली जातीचे पिवळे फळ कढईत पंधरा-वीस मिनिटे उकळून उन्हात वाळवतात. हा माल मुख्यत्वे हिंदुस्थानसाठीच तयार होत असे. मस्कत-सूरला नोकरीला असलेल्या कोकणातल्या मंडळींनी त्या कढया पाहिल्याही असतील.

ओमानच्या बागांना पाणी देतो तो "फलज". डोंगराच्या पायथ्याशी लागलेले भूजल उताराच्या भुयारी कालव्यातून, पंपाशिवाय, गावापर्यंत येते. असे तीन हजारांच्या आसपास फलज आजही वाहते आहेत आणि त्यातले पाच २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. आधी पिण्याची जागा, मग मशिदीचा वजू, मग घरे आणि शेवटी बागा, असा त्याचा क्रम असतो. बागेची पाळी वेळेवर मोजतात. अर्ध्या तासाच्या मापाला "अथर" म्हणतात. काही पाळ्या मशिदीच्या किंवा फलजच्या दुरुस्तीच्या नावाने राखलेल्या असतात आणि त्यांचा दरवर्षी लिलाव होतो. फलजचा मोठा गुण असा की त्यातून जमीन देईल तेवढेच पाणी मिळते, हाव करून जास्त ओढताच येत नाही. पाऊस कमी झाला की सगळ्यांची पाळी सारखीच आटते. अर्थात आजूबाजूला बोअर पडल्या की फलजही कोरडा पडतो, तसे झालेही आहेत.

हे तंत्र आपल्याला परके नाही. औरंगाबादची मलिक अंबरने बांधलेली नहर-ए-अंबरी याच कुळातली. आणि पाळीच्या शिस्तीचे म्हणाल तर धुळ्याकडची पांझरेवरची फड पद्धत, तिचा पाटकरी आणि ओमानचा फलजचा वकील यांना एकमेकांचे काम समजायला दुभाष्या लागणार नाही.

विचारणारा कोण?

बाग ते दस्तरखान या साखळीत पाणी बागेतच संपते असे नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये उतरवलेला खजूर धुतला जातो, निवडला जातो, कीड मारायला त्याला धुरी देतात, मग तो शीतगृहात जातो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, त्यामुळे अलीकडच्या वर्षांत काढणीनंतर पाच-सहा महिने माल थंडीत ठेवावा लागतो आहे. पण पाण्याचा मुख्य खर्च झाडाशीच होतो, म्हणून तपासणीही तिथेच हवी.

युरोपातल्या मोठ्या दुकानदारांनी ही तपासणी सुरू केली आहे. ग्लोबलगॅप या शेतमालाच्या प्रमाणपत्राला "स्प्रिंग" नावाची पाण्याची पुरवणी जोडलेली आहे. बागेला पाणी कुठून येते, ते घेण्याचा कायदेशीर हक्क आहे का, मीटर आहे का, त्या खोऱ्यात एकूण पाण्याची स्थिती काय, हे त्यात पाहतात. अलायन्स फॉर वॉटर स्टुअर्डशिप ही संस्था एका शेतापुरते न पाहता सगळ्या खोऱ्याचा विचार करायला लावते. ब्रिटनमधल्या दुकानदारांनी तर २०३० पर्यंत आपला निम्मा ताजा माल पाण्याची नीट व्यवस्था असलेल्या भागांतून घेण्याचे ठरवले आहे. कागद चांगले आहेत. आमची एक शंका मात्र उरते. ठिबक बसवले, प्रमाणपत्र मिळाले आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी दहा एकर लागवड वाढवली, तर भूजलाला काय मिळाले? एका बागेची काटकसर आणि खोऱ्याची बचत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय तपासणीची फी मोठ्या मळेवाल्याला परवडते, जुन्या ओअॅसिसमधल्या वीस झाडांच्या मालकाला नाही.

तरीही खरेदीदाराच्या विचारण्याने फरक पडतो, हे नाशिकने पाहिले आहे. २००३ साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडले आणि माल अडकला. त्यातून अपेडाची ग्रेपनेट व्यवस्था उभी राहिली. आज निर्यातीच्या पेटीवरच्या क्रमांकावरून द्राक्ष कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या प्लॉटचे हे काढता येते. नाशिकच्या बागायतदाराला परदेशातला गिऱ्हाईक एवढे विचारू शकतो, तर जगातला सर्वांत मोठा खजूर-गिऱ्हाईक म्हणून आपण काय विचारतो? आपली स्थिती अशी की माल मुळात कुठल्या देशाचा हेच कधी कधी कळत नाही. पाकिस्तानच्या मालावर बंदी असताना २०२५ मध्ये न्हावा शेवा बंदरात पकडलेल्या कंटेनरांत दुबईमार्गे, दुसऱ्या देशाच्या नावाने आलेली तिकडचीच खारीक निघाली. देश बदलता येतो तिथे विहीर कोण शोधणार?

घरातल्या एका गिऱ्हाइकाचे व्यापारी ऐकणार नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण खजुराची मोठी खरेदी एकेकटी घरे करत नाहीत. मशिदींच्या इफ्तार कमिट्या, मदरसे, रमजान किट वाटणाऱ्या संस्था पन्नास-शंभर पेट्या एकदम उचलतात. त्यांनी दोनच गोष्टी मागाव्यात: पेटीवर देश आणि प्रांत छापलेला हवा, आणि माल सुटा नको, पॅकिंगच्या तारखेसह हवा. भाव थोडा वर जाईल. शिवाय नासाडीचाही हिशेब त्याच कमिट्यांनी ठेवावा. इफ्तारनंतर ताटल्यांत अर्धे खाल्लेले, चाखून टाकलेले खजूर किती उरतात, हे सफाई करणाऱ्या मुलांना विचारा. माणशी सहा मांडण्याऐवजी तीन मांडून भांडे मध्ये ठेवले तर कुणी उपाशी राहत नाही.

घरी मऊ खजूर, विशेषतः मजाफती, हवाबंद डब्यात फ्रीजमध्येच ठेवावा, बाहेर तो लवकर आंबतो. कोरडा झाहिदी कडक झाला तर फेकू नये, वाफेवर पाच मिनिटे धरला की सैल होतो, किंवा दुधात भिजवून सहरीला चालतो. ईदनंतर उरलेल्याचा शीरखुर्मा संपला की बाकीच्याची चिंच घालून चटणी करावी, ती महिनाभर टिकते.

मशीद बंदरच्या त्या चाचांना आम्ही निघताना पुन्हा विचारले की एखाद्या कमिटीने प्रांताचे नाव मागितले तर ते देतील का. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "शंभर पेट्यांची ऑर्डर द्या, मी बगदादला फोन लावतो. दहा पेट्यांसाठी नाही लावणार."